जुन्या फायबरग्लास बोटीचा जीर्णोद्धार

लांकडी होडी म्हातारी झाली म्हणजे तें कोणास सांगावें लागत नाहीं. फळ्यांचे सांधे उकलतात, खिळ्यांभोंवतीं काळसर डाग पडतात, तळाशीं पाणी पाझरूं लागतें आणि नखानें टोंचलें तरी भुसा निघतो. फायबरग्लासच्या बोटीचें वार्धक्य असें उघड्यावर येत नाहीं. साठ वर्षांची बोट धुवूनपुसून उभी केली तर ती कालपरवांची वाटते, आणि याच गुणानें तिनें अनेकांना फसविलें आहे. जुन्या वाड्याच्या तुळईस वाळवी लागली असतां वरचा रंग जसाच्या तसा राहतो व आंतील गाभा मात्र पोखरून जातो, त्यांतलाच हा प्रकार होय. म्हणून जुन्या मोटरबोटीचा जीर्णोद्धार म्हणजे नवा रंग आणि नव्या गाद्या, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनीं हें काम हातीं न घेणेंच बरें. बोटींत माणसें बसावयाचीं असतात, आणि तीं बहुधा घरचींच असतात. किनारा दहा मैल मागें राहिला म्हणजे मगच आंतलें कुजकें लांकूड आपलें खरें स्वरूप प्रगट करितें.

फायबरग्लास हें नांव न ऐकलेला श्रोता आज विरळाच. कोंकणच्या बंदरांतूनहि लांकडी होड्यांच्या शेजारीं फायबरच्या होड्या आतां सर्रास दिसतात. तथापि ही वस्तु होते कशी, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. कांच वितळवून तिचे केसाहून बारीक तंतु काढावयाचे, त्यांचें कापड विणावयाचें, आणि तें कापड एका विशिष्ट राळेंत भिजवून साच्यांत थरावर थर बसवावयाचें. साच्यास प्रथम रंगीत राळेचा पातळ लेप देतात. त्यास जेलकोट म्हणतात, व तोच पुढें बोटीची बाहेरची चकचकीत कातडी होतो. राळ कठीण झाली म्हणजे बोट साच्यांतून अखंड निघते. तींत ना सांधा, ना खिळा. घरांतील गोधडीप्रमाणें येथेंहि सारें बळ थरांत आहे. ताण सोसण्याचें काम कांचेचे तंतु करितात आणि त्या तंतूंस जागच्या जागीं धरून ठेवण्याचें काम राळ करिते. अमेरिकेंत ओहायो राज्यांतील टोलेडो गांवीं रे ग्रीन यांनीं १९४२ सालीं कांचतंतु व पॉलिएस्टर राळ यांची एक लहान शिडाची होडी तयार केली, आणि दुसरें महायुद्ध संपल्यावर या धंद्याचा विस्तार झपाट्यानें झाला. पुढच्या वीसपंचवीस वर्षांत हजारों बोटी साच्यांतून बाहेर पडल्या. त्या काळीं ‘ही बोट कधीं कुजणार नाहीं’ असें म्हणण्याची पद्धति होती.

तें म्हणणें अर्धें खरें होतें. कांच कुजत नाहीं व तिला वाळवी लागत नाहीं. परंतु या पदार्थाचा पातळ पत्रा लवचीक असतो. त्यावर पाय दिला तर तो दबतो. तो ताठ राहावा म्हणून बांधणाऱ्यांनीं वरच्या डेकमध्यें आणि ट्रान्सममध्यें, म्हणजे पिछाडीच्या उभ्या भिंतींत, दोन कातड्यांच्या मधोमध प्लायवूड किंवा बाल्साचें हलकें लांकूड घातलें. कल्पना उत्तम होती. पण पुढें कोणी कठड्यासाठीं स्क्रू मारला, कोणी मासे धरण्याच्या गळाची बैठक बसविली, कोणी शिडी लावली. आणि प्रत्येक भोंकांतून पाण्यास वाट मिळाली. आंत शिरलेलें पाणी दोन अभेद्य कातड्यांमध्यें कोंडलें जातें. त्यास बाहेर येण्यास मार्ग नसतो. जी बोट कुजणार नाहीं म्हणून विकली गेली ती आंतून कुजूं लागली, याचें सर्व मूळ एवढेंच आहे.

या विषयाचें विवेचन कोणती तरी एक बोट समोर ठेवून करणें सोयीचें, आणि त्यासाठीं बर्ट्राम ३१ या बोटीइतकें चांगलें उदाहरण मिळणें कठीण. तिची जन्मकथाहि रंजक आहे. १९५८ सालीं न्यूपोर्ट येथें अमेरिका चषकाच्या शर्यतींच्या वेळीं मायामीचे रिचर्ड बर्ट्राम हे ‘विम’ नांवाच्या शिडाच्या नौकेवर खलाशी म्हणून होते. खवळलेल्या पाण्यांतून एक लहानशी मोटरबोट न आपटतां वेगानें चाललेली त्यांनीं पाहिली. ती रे हंट या नौकारचनाकाराची कृति होती. तोंवरच्या बहुतेक मोटरबोटींचा तळ नाळेकडे टोंकदार व पिछाडीकडे जवळजवळ सपाट असे. सपाट भाग लाटेवर आपटला कीं बसणाऱ्याच्या कण्याला हिसका बसे. हंट यांनीं तळाची टोंकदार घडी पिछाडीपर्यंत तशीच नेली. तळाच्या दोन्ही बाजू मधल्या रेषेपासून सुमारें २३ अंशांनीं चढत जातात, आणि तळावर उभ्या लांबीनें बसविलेल्या पट्ट्या पाणी बाहेर फेंकून बोटीस उचलून धरतात. बर्ट्राम यांनीं याच आकृतीची मोठी लांकडी बोट करवून घेतली, तिला ‘मॉपी’ हें आपल्या पत्नीचें लाडकें नांव दिलें आणि १९६० च्या मायामी ते नासाऊ या शर्यतींत ती उतरविली. त्या दिवशीं समुद्र अत्यंत खवळलेला होता. मॉपीनें तें अंतर सुमारें ८ तासांत तोडलें. तिच्यामागून जी बोट दुसरी आली तीहि हंट यांच्याच आकृतीची होती. मॉपीवरून सांचा घेऊन फायबरग्लासची बर्ट्राम ३१ निघाली. १९६१ पासून १९८३ पर्यंत अशा १८०० हून अधिक बोटी बांधल्या गेल्या. लांबी ३० फूट ७ इंच, रुंदी ११ फूट २ इंच.

यांपैकीं कित्येक बोटी आज फ्लॉरिडांतील अंगणांतून, शेडमध्यें, गवतांत उभ्या असतात. त्या घेणारे लोक घेतात काय, तर तो तळ घेतात. इंजिनें निकामी झालेलीं असतात, तारा गंजलेल्या असतात, गाद्या उंदरांनीं कुरतडलेल्या असतात. पण तळ भरीव थरांचा, जाड, आणि त्याची आकृति हंट यांनीं आंखली तशीच. तेव्हां या कामांत बाकी सर्व बदलतां येतें; तळाच्या आकृतीस मात्र धक्का लावावयाचा नसतो, आणि ती ज्या तोलावर चालावी म्हणून आंखली तो तोलहि बिघडवावयाचा नसतो. ही गोष्ट ध्यानांत न धरल्यामुळें अतिशय सुंदर दिसणाऱ्या आणि अतिशय वाईट चालणाऱ्या बोटी तयार झालेल्या आहेत.

पैशाची गोष्ट येथेंच उरकलेली बरी. जुनी बोट स्वस्त मिळते, परंतु इंजिनें, टाक्या, राळ, कापड आणि रंग हीं नव्याच भावानें घ्यावीं लागतात. शिवाय मजुरी सर्वांवर ताण. केलेला सारा खर्च विक्रींत परत मिळणें विरळाच, म्हणून व्यापारी दृष्टीनें यांत पडूं नये. तथापि दुसरी बाजूहि विचारांत घेतली पाहिजे. टाकून दिलेल्या फायबरग्लास बोटीचें काय करावें हा आज किनाऱ्यावरील गांवांपुढचा खरा प्रश्न आहे. ती कुजत नाहीं आणि वितळवून पुन्हां वापरतांहि येत नाहीं. बहुधा ती खड्ड्यांत पुरली जाते. र्‍होड आयलंड राज्यांत २०१९ च्या सुमारास अशा बोटींचा चुरा करून तो सिमेंटच्या भट्टींत वापरण्याचा प्रयोग सुरू झाला. जी बोट पुन्हां पाण्यांत गेली तिचा प्रश्न तेवढ्यापुरता तरी सुटला.

आतां परीक्षा. आपल्याकडे गृहिणी माठ घेतांना बोटानें वाजवून पाहते. नीट भाजलेला, अभंग माठ खणखणतो, तडा गेलेला बद्द वाजतो. जुन्या बोटीचीहि हीच कसोटी आहे. प्लास्टिकच्या डोक्याची लहान हातोडी घेऊन सबंध डेक, ट्रान्सम आणि बाजू दर दोन बोटांवर ठोकीत जावयाचें, आणि आवाज जेथें बद्द होईल तेथें खडूनें खूण करावयाची. ओल मोजण्याचें यंत्रहि मिळतें, पण तळाच्या रंगांतील तांब्यासारख्या धातूंमुळें व नुकत्याच पाण्यांतून काढलेल्या बोटीच्या ओलीमुळें तें चुकीचा आंकडा दाखवितें. शेवटीं संशयाच्या जागीं आंतल्या बाजूनें लहानसें भोंक पाडून भुसा पाहणें हाच खरा निर्णय. भुसा फिकट व कोरडा आला तर देवाचे आभार मानावे. काळा, ओला, आंबूस वासाचा आला तर जेथपर्यंत तसा येतो तेथपर्यंत कापावें लागणार.

कापण्यापूर्वीं एक गोष्ट न विसरतां करावी लागते, आणि उत्साही माणूस नेमकी तीच विसरतो. बोट पाण्यांत असतांना पाणी तिला सर्व बाजूंनीं झेलतें. जमिनीवर ती चारपांच टेंकूंवर उभी असते. डेक आणि आंतील आडवेउभे आधार कापून काढले कीं तिचा ताठपणा जातो व ती टेंकूंच्या मध्यें लोंबूं लागते. अशा स्थितींत नवे आधार बसवून राळ घट्ट केली तर ती लोंबलेली आकृति कायमची होते. ज्या तळासाठीं एवढा खटाटोप तोच आपल्या हातानें वांकडा करून घेतल्यासारखें होतें. याकरितां प्रथम जागोजाग टेंकू वाढवून, दोरी ताणून, पातळी लावून तळ सरळ आहे याची खात्री करावी, आणि मगच करवत हातांत घ्यावी.

कुजकें लांकूड शक्य तों आंतल्या बाजूनें काढतात, म्हणजे बाहेरची कातडी अभंग राहते. आंतली कातडी कडेनें दोनतीन इंच पट्टी राखून कापतात, ओलें लांकूड पटाशीनें खरवडून काढतात आणि आंत चांगलें कोरडें होऊं देतात. या कोरडें होण्यास आठवडे लागतात. नवें प्लायवूड प्रथम नुसतें बसवून पाहावें, सर्व कडांना एपॉक्सी राळ पाजावी, मग घट्ट केलेल्या एपॉक्सीचा लेप दातेरी थापीनें सारखा पसरून त्यावर तें दाबून बसवावें. लेपांत पोकळी राहिली तर तेथें पुन्हां पाणी साचणार. फळीच्या कोपऱ्यांत राळेचा गोलसर भराव देतात. कारण कांचेचें कापड काटकोनांत बसत नाहीं, तें उचललें जाऊन मागें हवा राहते. शेवटीं कापडाचे थर. जुन्या कातडीची कड सरळ कापून त्यावर ठिगळ लावणें हा आळशाचा मार्ग आहे. जाडीच्या बारा पट लांबीचा उतार घांसावयाचा असतो, म्हणजे पाव इंच जाडीस तीन इंच, आणि त्या उतारावर नवे थर एकावर एक चढवावयाचे. असें केलें तरच ओढ जुन्या कांचेंतून नव्या कांचेंत सलग जाते.

जुन्या पॉलिएस्टरवर नवें पॉलिएस्टर नुसतें चिकटतें; दोन्ही एकजीव होत नाहींत. एपॉक्सी महाग खरी, परंतु जुन्या कातडीस ती अधिक घट्ट धरते, म्हणून अशा कामांत तीच घेतात. तिचे दोन भाग ठरलेल्या प्रमाणांतच मिसळले पाहिजेत. पॉलिएस्टरमध्यें घट्ट करणारें द्रव्य हवामान पाहून थोडें कमीजास्त करतां येतें. एपॉक्सीमध्यें तें जास्त घातल्यानें ती लवकर तर होत नाहींच, उलट कायमची चिवट व मऊ राहते. मिसळलेली राळ खोल भांड्यांत तशीच ठेवली तर ती आपल्याच उष्णतेनें तापून धूर सोडते, म्हणून पसरट तबकांत ओतावी. घांसतांना उडणारी कांचेची धूळ कातडीस खाज आणते व फुप्फुसांस अपाय करते. तोंडावर चांगला मुखवटा न घालतां हें काम करणाऱ्यास शहाणा म्हणतां यावयाचें नाहीं.

श्रोतेहो, येथवर पाण्याचें भय झालें. बोटीस आगीचें भय त्याहून मोठें आहे. त्या काळच्या कांहीं बोटींना, आणि त्यांत बर्ट्रामच्याहि बोटी आल्या, पेट्रोलच्या टाक्यासुद्धां फायबरग्लासच्याच बसविलेल्या होत्या. त्या वर्षानुवर्षें निर्वेध चालल्या. पुढें २००४ च्या आरंभीं न्यूयॉर्क व कनेक्टिकट राज्यांनीं पेट्रोलमधील एमटीबीई हें द्रव्य बंद केलें व त्याच्या जागीं इथेनॉल आलें. मग लाँग आयलंड साउंडच्या परिसरांतील बोटवाल्यांना विचित्र अनुभव येऊं लागला: चांगलीं इंजिनें अडखळूं लागलीं, आणि उघडून पाहतां झडपांवर काळा चिकट लेप बसलेला आढळला. इथेनॉलनें जुन्या टाकींतील राळेचा अंश विरघळवून इंजिनांत नेला होता. आणि अर्थातच टाकीची भिंतहि त्या प्रमाणांत दुबळी झाली होती. अशा टाकीस आंतून लेप देऊन भागत नाहीं. ती काढावीच लागते, आणि ती डेकखालीं असल्यामुळें डेक कापावा लागतो. त्या जागीं बहुधा अॅल्युमिनियमची टाकी बसवितात. मात्र तिच्याखालीं पाणी साचून राहणार नाहीं व तिच्याभोंवतीं हवा खेळेल अशी बैठक करावी लागते, नाहीं तर तीहि गंजून छिद्रें पडतात.

पेट्रोलची वाफ हवेहून जड असते. मोटारगाडींत गळलेलें पेट्रोल रस्त्यावर पडून वाऱ्यावर जातें. बोटींत तें तळाच्या पोकळींत साचतें आणि एका ठिणगीची वाट पाहत राहतें. म्हणूनच बोटीच्या इंजिनाचा स्टार्टर, त्याचें वीज निर्माण करणारें यंत्र व कार्बोरेटर हीं गाडीच्या भागांसारखीं दिसलीं तरी तशीं नसतात. ठिणगी बाहेर पडूं नये म्हणून तीं बंदिस्त केलेलीं असतात, आणि तुंबलेला कार्बोरेटर पेट्रोल बाहेर न सांडतां आंत सोडील अशी योजना असते. चार पैसे वांचविण्यासाठीं गाडीच्या दुकानांतील भाग बसविणारा मनुष्य घरच्या माणसांना स्फोटक द्रव्यावर बसवीत असतो. इंजिन सुरू करण्यापूर्वीं तळांतील हवा काढणारा पंखा निदान चार मिनिटें चालविण्याचा नियम याच कारणानें आहे.

दुरुस्ती आटोपली म्हणजे हौसेचा प्रांत लागतो, आणि येथें मालकाचा स्वभाव कळतो. बर्ट्राम ३१ च्या मागच्या उघड्या चौकांत दोन इंजिनें पेट्यांनीं झांकलेलीं असतात. या पेट्या जागा खातात म्हणून कित्येकजण सबंध डेक कांहीं इंच उचलून इंजिनें त्याखालीं गडप करितात. चौक मोकळा व देखणा होतो यांत संशय नाहीं. परंतु डेक जितका वर आला तितका कठडा खालीं गेला. पूर्वीं जो मांडीस टेंकत होता तो आतां गुडघ्यास टेंकतो, आणि डुलणाऱ्या बोटींत गुडघ्याजवळचा कठडा माणसास आधार देण्याऐवजीं बाहेर फेंकण्यास मदत करतो. शिवाय जुन्या पेट्यांवर लोक बसत, जेवत, त्यांस टेंकून उभे राहत. ज्या घरांत मुलें आहेत त्यांनीं त्या पेट्या ठेवाव्या हेंच इष्ट.

पेट्रोल इंजिनांच्या जागीं डिझेल घालणें हा बदल मात्र बहुतांशीं हिताचा आहे. इंधन कमी लागतें आणि वाफेचा स्फोट होण्याचें भय पुष्कळ कमी होतें. पूर्वींचीं डिझेल इंजिनें फार जड असत. अलीकडचीं बरींच हलकीं झालीं आहेत. तरी वजनाचा हिशेब सोडतां येत नाहीं. नाळेकडे जड झालेली बोट लाटेंत तोंड खुपसते, पाणी अंगावर घेते आणि मागून लाट आली असतां सुकाणूचें ऐकत नाहीं. बर्ट्राम ३१ ही मुळांतच पाणी उडविणारी म्हणून प्रसिद्ध आहे. पिछाडीकडे जड झालेली बोट वर उचलली जाण्यास कष्ट घेते. हा हिशेब शाळेंतील तराजूचा आहे: वजन गुणिले अंतर. तोलाच्या मध्यबिंदूपासून १० फूट पुढें ठेवलेला १०० पौंडांचा नांगर व सांखळी, आणि मध्यबिंदूच्या अडीच फूट मागें ठेवलेल्या ४०० पौंडांच्या विजेऱ्या, हीं एकमेकांस बरोबर तोलतात. सूज्ञ माणूस बोटींतून काढलेली व तींत घातलेली प्रत्येक जड वस्तु वजन करून, अंतरासह, वहींत मांडतो. टेहळणीसाठीं उंच मनोरा उभारणाऱ्यानें तर ही वही दोनदां पाहावी. वर चढविलेलें प्रत्येक पौंड खालीं ठेवलेल्या पौंडाहून अधिक डुलविते, आणि या खोल तळाच्या बोटी उभ्या असतांना आधींच बऱ्याच डुलतात.

हौसेच्या आणखी एका प्रकाराविषयीं सांगणें अवश्य आहे. पावसापासून रक्षण व्हावें म्हणून तिन्ही बाजूंनीं कनातीचे पडदे लावतात व मागची बाजू उघडी ठेवतात. बोट पुढें चालली म्हणजे मागच्या पोकळींत हवा उलट खेंचली जाते, आणि तिच्याबरोबर इंजिनाचा धूरहि आंत येतो. पेट्रोल इंजिनाच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पडद्याआड झोंपलेल्या मुलांना तो कळतहि नाहीं. धोक्याची घंटा देणारें यंत्र बसवावें हें खरेंच, परंतु पुढची खिडकी उघडी ठेवून हवा आरपार वाहूं देणें हा पहिला उपाय.

तारांविषयीं फार सांगावयाचें नाहीं. जुन्या सर्व काढाव्या, कल्हई केलेल्या तांब्याच्या नव्या घालाव्या, आणि विजेरीजवळच फ्यूज बसवावा. रंगाचेंहि तसेंच. लांब फळीवर घांसकागद लावून पृष्ठभाग सपाट करण्यांत नऊ हिस्से काम असतें, रंग देण्यांत एक. मात्र दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग फवारणें श्वासास अतिशय घातक आहे. बाहेरून शुद्ध हवा पुरविणाऱ्या मुखवट्यावांचून तें घरगुती माणसानें करूं नये. ब्रशानें दिला तरी चालतो, आणि चांगला दिसतो.

बोट पाण्यांत गेली म्हणजे काम संपलें असें वाटतें, पण तसें नाहीं. जमिनीवर टेंकूंवर असलेला तळ पाण्यांत किंचित् निराळा बसतो. म्हणून इंजिन व पंख्याचा दांडा यांची रेषा जमिनीवर कितीहि काळजीनें जुळविली असली तरी एकदोन दिवस बोट तरंगूं देऊन ती पुन्हां तपासतात. दोन चकत्यांच्या मध्यें पातळ पाती घालून चारी बाजूंस फट सारखी आहे कीं नाहीं तें पाहतात, कारण केसाएवढाहि फरक पुढें दांड्यास धडधड लावतो. त्यानंतर टाक्या भराव्या, माणसें चढवावीं, आणि शांत पाण्यांत बोट कोणत्या रेषेपर्यंत बुडते त्याच्या खुणा पेन्सिलीनें चारी बाजूंस कराव्या. पाण्याच्या रेषेचा पट्टा कारखान्यांतील जुन्या खुणेवरून आधींच रंगवून ठेवणारे पुष्कळ असतात. नवीं इंजिनें, नव्या टाक्या आणि वहींतील त्या सर्व वजनांनंतर बोट त्या जुन्या रेषेवर क्वचितच बसते. पट्टा रंगविण्यासाठीं तिला पुन्हां एकदां बाहेर काढावें लागतें.